सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट सारखा आला, म्हणजे जंतूही एकच का?

रातपाळी

नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या गावातील खाजगी रुग्णालयात संसर्ग नियंत्रण परिचारिका म्हणून काम करते. गेल्या तीन आठवड्यांत आमच्या एनआयसीयूमधील (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातील) चार बाळांच्या ब्लड कल्चरमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिए वाढला. चारही रिपोर्ट शेजारीशेजारी ठेवले, तर एकाची दुसऱ्यावरून नक्कल केली आहे की काय, अशी शंका यावी इतके ते सारखे आहेत. मेरोपेनेम या प्रतिजैविकासकट जवळजवळ प्रत्येक औषधाच्या रकान्यात 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) आहे.

आमच्या बालरोगतज्ज्ञांच्या मते ही एकाच जंतूची साथ आहे आणि ती विभागातच कुठेतरी मुरलेली आहे. प्रशासनाचे म्हणणे असे की चारपैकी दोन बाळे बाहेरच्या नर्सिंग होममधून आली होती, तेव्हा ज्याचे त्याने आपापले आणले. दोन्ही बाजू त्याच चार कागदांवर बोट ठेवून बोलतात, आणि मधल्या मध्ये परिचारिकांचे हात धुवून घेण्याची जबाबदारी माझ्यावर येते. चार बाळांतील जंतू एकच आहे की वेगवेगळे, हे प्रयोगशाळेत खात्रीने ठरवता येते का? येत असेल, तर उपचारात काहीच फरक पडणार नसताना त्यासाठी खटपट करावी का?

पेट्रीडिश

ताई, उत्तराआधी एक प्रश्न: ते चार आयसोलेट (कल्चरमधून वेगळे काढून वाढवलेले जंतू) कोणी जपून ठेवले आहेत का? आमच्याकडे (मी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते) टायपिंगसाठी येणाऱ्या निम्म्या विचारणा याच प्रश्नापाशी थांबतात. रिपोर्ट सही होऊन गेला की चौथ्या दिवशी प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये जाते. हातात कागद राहतो. जंतू राहत नाही.

आता मूळ प्रश्न. सारखा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट हा सुगावा आहे, पुरावा नव्हे. आपल्याकडील आयसीयूंमध्ये बहुऔषधरोधी क्लेबसिएला इतका बोकाळला आहे की, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन जंतू सगळ्या रकान्यांत 'आर' दाखवू शकतात. उलट बाजूने, एकच जंतू एका बाळातून दुसऱ्यात जाताना एखादे रोधक जनुक गमावू शकतो, आणि मग एका वाणाचे दोन रिपोर्ट वेगळे दिसतात. म्हणून साथीचा संशय आला की जंतूचे 'टायपिंग' करतात, म्हणजे एकाच प्रजातीतील कोणता वाण आहे हे ओळखतात. माल्डी-टॉफ यंत्र क्लेबसिएला हे नाव काही मिनिटांत सांगते. परंतु कोणता क्लेबसिएला, हे त्याला भरवशाने सांगता येत नाही.

जुना मायक्रो

धागा पाहून जुने दिवस आठवले. आमच्या तरुणपणी या कामाला फाज टायपिंग म्हणत. जिवाणूंना मारणारे विषाणू म्हणजे फाज. संशयित स्टॅफिलोकोकस प्लेटभर सारखा पसरायचा, प्लेटच्या पाठीवर पेन्सिलीने चौकटी आखायच्या आणि प्रत्येक चौकटीत ठरलेल्या संचातील एकेका फाजचा थेंब सोडायचा. दुसऱ्या दिवशी दाट वाढीमध्ये ज्या चौकटींत काचेसारखी स्वच्छ टिकली पडलेली दिसे, त्यांचे आकडे हेच त्या जंतूचे नाव. १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील प्रसूतिगृहांतून नवजात बाळांना गळवे आणणारा जो '८०/८१' जगभर कुप्रसिद्ध झाला, त्याचे नाव असेच पडले. सिडनीच्या फिलिस राउंट्री यांनी त्याच्यावर मोलाचे काम केले. भारतात स्टॅफिलोकोकसचे फाज टायपिंग दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात होई आणि टायफॉइडच्या जंतूचे लेडी हार्डिंगमध्ये. आम्ही नमुने अगारच्या छोट्या बाटल्यांत टोचून टपालाने पाठवत असू. उत्तर येईपर्यंत साथ संपलेली असे, ही गोष्ट वेगळी.

नांदेडकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, परंतु माझी मुलगी सात वर्षांपूर्वी अठरा दिवस अशाच काचेच्या पेटीत होती, म्हणून हा धागा सोडवत नाही. एक भाबडा प्रश्न विचारतो. बैलाच्या पुठ्ठ्यावरचा डाग पाहून तो कोणाच्या गोठ्यातला हे जसे कळते, तसे जंतूवरून तो कोणी आणला हे कळते काय? कळत असेल, तर आईबापांना ते सांगतात काय?

पेट्रीडिश

नांदेडकर, डागाची उपमा चांगली आहे, मात्र डागावरून गोठा कळतो. बैल रात्री कोणी सोडला ते कळत नाही.

पल्स्ड-फील्ड जेल, ज्याला आम्ही पीएफजीई म्हणतो, त्यातील काम थोडे विस्ताराने सांगते, म्हणजे 'रिपोर्ट लगेच का मिळत नाही' याचेही उत्तर मिळेल. जिवाणूचा डीएनए नेहमीच्या पद्धतीने बाहेर काढला तर पिपेटच्या टोकातून जातानाच त्याचे तुकडे होतात, आणि आपल्याला तर तो अखंड हवा असतो. म्हणून जिवंत जंतूच कोमट अगारोजमध्ये मिसळून त्याच्या साबुदाण्याच्या पापडीसारख्या पातळ, धुरकट वड्या पाडतात. त्यांना आम्ही प्लग म्हणतो. पेशी वडीच्या आतच प्रोटिनेज-के घालून विरघळवायच्या, मग वड्या पुन्हा पुन्हा धुवायच्या. धुताना वडी गाळणीला चिकटली किंवा तिचा कोपरा तुटला, की विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी. त्यानंतर डीएनए फार थोड्या ठिकाणी कापणारे विकर घालतात. क्लेबसिएलासाठी एक्सबा-१, स्टॅफिलोकोकस ऑरियससाठी स्मा-१. मोठमोठे तुकडे साध्या जेलमध्ये एकाच जागी गर्दी करतात, म्हणून विजेची दिशा दर काही सेकंदांनी बदलत जेल वीसेक तास चालवावे लागते. शेवटी रंग देऊन अतिनील प्रकाशात पाहिले, की प्रत्येक जंतूची पट्ट्यांची शिडी दिसते.

शिड्या जुळवण्याचे टेनोव्हर यांचे १९९५चे निकष आजही शिकवले जातात. एकही पट्टा वेगळा नसेल तर वाण एकच मानावा. दोन-तीन पट्ट्यांचा फरक असेल तर जवळचे नाते. चार ते सहा असेल तर नाते असू शकेल. सात किंवा अधिक असेल तर ते वेगळे. हे निकष थोड्या काळात, एका ठिकाणी गोळा केलेल्या मोजक्या नमुन्यांसाठी आहेत, हे मात्र पुष्कळ प्रबंधांत सोयीस्करपणे विसरले जाते. ईआरआयसी-पीसीआर ही स्वस्त पद्धत आपल्याकडे खूप वापरतात. एकाच दिवशी, एकाच यंत्रावर सगळे नमुने चालवले तर तिचा उपयोग होतो. मागच्या वर्षीच्या जेलशी या वर्षीचे जेल जुळवू पाहाल, तर फसाल.

जनुकवाचक

मी ब्रिटनमधील एका प्रयोगशाळेत हेच काम करतो. फक्त आम्ही आता पट्टे पाहत नाही, संपूर्ण जनुकक्रम वाचतो. क्लेबसिएलाच्या जनुकक्रमात साधारण ५५ लाख अक्षरे असतात. पीएफजीईला त्यातील कापाच्या जागांपुरतेच दिसते. १९९८ मध्ये मेनिंगोकोकससाठी पुढे आलेली एमएलएसटी पद्धत सात जनुके वाचून जंतूचे कूळ सांगते. भारतात एसटी २३१, एसटी १४७ अशी नावे कानावर येतात ती तिथलीच. पण कूळ कळणे आणि घर कळणे यांत अंतर आहे. अमेरिकेत केपीसी (मेरोपेनेमसारखी औषधे निकामी करणारे विकर) असलेला क्लेबसिएला बहुतांशी एसटी २५८ याच कुळातील होता, त्यामुळे तो सापडला यावरून रुग्णालयाच्या आतला की बाहेरचा हे ठरत नसे.

२०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या स्वतःच्या रुग्णालयात, बेथेस्डा येथे, हाच पेच पडला. असा जंतू असलेली एक रुग्ण तिथे दाखल झाली, तिला वेगळे ठेवले, जुलैमध्ये ती घरी गेली. तीन आठवडे काहीच नाही, आणि मग दुसरा रुग्ण निघाला. एकूण १८ जणांना लागण झाली. त्यांपैकी ११ दगावले, त्यांतील ६ मृत्यू या संसर्गामुळे झाल्याचे मानले गेले. सगळ्यांचे जनुकक्रम वाचल्यावर कळले की सारे त्या पहिल्या रुग्णापासूनच आले होते, आणि तिच्याकडून जंतू एकदा नव्हे तर निरनिराळ्या वेळी बाहेर पडला होता. रुग्ण पॉझिटिव्ह ठरण्याचा क्रम आणि जंतू एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचा क्रमही जुळत नव्हता; म्हणजे काही जण कल्चरमध्ये दिसण्याआधी कित्येक दिवस जंतू अंगावर बाळगून होते. सिंकच्या निचऱ्यात आणि स्वच्छ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तोच वाण सापडला.

रातपाळी यांना जवळची वाटेल अशी गोष्ट केंब्रिजच्या रोझी हॉस्पिटलमधील बाळांच्या विभागाची आहे. तिथे एमआरएसएची (औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस ऑरियसची) साथ थांबली असे वाटले, विभाग धुऊन काढला, ६४ दिवस एकही बाळ पॉझिटिव्ह नव्हते, आणि मग एक निघाले. जनुकक्रम जुन्या साथीशी जुळला. बाळे तर बदलली होती, मग जंतू दोन महिने राहिला कुठे? १५४ कर्मचाऱ्यांची तपासणी केली, त्यांत एक व्यक्ती वाहक निघाली.

नांदेडकर

म्हणजे कळते तर! त्या व्यक्तीचे पुढे काय केले?

रातपाळी

नेमक्या याच प्रश्नाची आमच्या मुलींना धास्ती आहे. उद्या सगळ्यांच्या नाकातले स्वॅब घेतले आणि एकीचा पॉझिटिव्ह आला, तर तिला 'जंतूवाली' म्हणून ओळखायला पूर्ण रुग्णालयाला एक तास पुरेल. म्हणूनच मी अजून कोणाचे स्वॅब घेतलेले नाहीत.

जनुकवाचक

त्या व्यक्तीच्या अंगावरील जंतू औषधोपचाराने घालवले आणि तिचे नाव कुठेही छापले नाही. नांदेडकर, ती व्यक्ती आजारी नव्हती आणि तिला काही ठाऊकही नव्हते. शिवाय तिने बाळांना जंतू दिला, की सुरुवातीला एखाद्या बाळाकडून तिला मिळाला, हे केवळ जनुकक्रमावरून सांगणे अवघड असते. ताई, नाकाचे स्वॅब हे स्टॅफिलोकोकससाठी आहेत. क्लेबसिएलाचे घर आतडे आहे, त्यामुळे तुमच्या साथीत नाके तपासून काही हाती लागणार नाही. आपल्या मुलींना हे जरूर सांगा.

तळटीप

माझा या विषयाशी संबंध फक्त भाषेपुरता. 'स्ट्रेन'ला इथे सर्वांनी 'वाण' म्हटले आहे, ते मला फार आवडले. बियाण्याचा वाण तसा जंतूचा वाण. त्यावरून एक शंका. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला', असे जंतूंमध्ये होत नाही काय? वाण निराळे, आणि औषधाला न जुमानण्याचा गुण तेवढा शेजाऱ्याकडून घेतला, असे?

पेट्रीडिश

तळटीप, आपण विनोद केलात की नाही ते कळत नाही, परंतु प्लाझ्मिडची याहून नेमकी व्याख्या मी वर्गात दिलेली नाही. उद्यापासून हीच देणार!

जनुकवाचक

अगदी हेच होते. मेरोपेनेमसारखी औषधे निकामी करणारी एनडीएमसारखी जनुके बहुधा प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या कड्यावर. तो कडा क्लेबसिएलाच्या एका वाणातून दुसऱ्यात जातो, आणि क्लेबसिएलातून ई. कोलायमध्येही जातो. अशा वेळी पीएफजीई 'वाण वेगळे, साथ नाही' असे म्हणते, आणि तरीही विभागात काहीतरी एकाकडून दुसऱ्याकडे जात असते. मात्र ते जंतू नसून गुण असतो. त्याचा माग काढायला प्लाझ्मिड सबंध वाचावे लागते, त्यासाठी लांब तुकडे वाचणारे यंत्र लागते.

हिशेबनीस

थोडा विरोधी सूर लावतो. मी एक लहान रुग्णालय चालवतो. अशी साथ आली की मी त्याच दिवशी तीन गोष्टी करतो: नवीन भरती थांबवतो, एका परिचारिकेकडील बाळे कमी करतो आणि प्रत्येक पेटीला हॅन्डरबची बाटली अडकवतो. वाण एक निघो की चार, या तीन गोष्टी बदलत नाहीत. टायपिंगचा अहवाल येतो तेव्हा बाळे एक तर घरी गेलेली असतात किंवा नसतात. तो पैसा मी आणखी एका परिचारिकेच्या पगारात घालीन. ज्यांना शोधनिबंध लिहायचा आहे त्यांनी टायपिंग करावे.

पेट्रीडिश

हिशेबनीस, तीनही गोष्टींना अनुमोदन, आणि आपण त्यांत फॉर्मेलिनचे फ्युमिगेशन धरले नाही याबद्दल विशेष आभार. निबंधाचा टोमणाही मान्य आहे. आमच्या कपाटात असे पुष्कळ जेलचे फोटो आहेत, ज्यांचा वॉर्डाला कधी उपयोग झाला नाही.

परंतु साथ त्या तीन गोष्टींनी थांबली नाही, तर पुढे काय? उत्तर आयर्लंडमध्ये २०११च्या डिसेंबरात आणि २०१२च्या जानेवारीत स्यूडोमोनासने नवजात बाळे दगावली. एक ऑल्टनगेल्विन रुग्णालयात, तीन बेलफास्टच्या रॉयल ज्युबिलीमध्ये. पहिली शंका अशी येते की एकच वाण या रुग्णालयातून त्या रुग्णालयात गेला. टायपिंगने ती खोडून काढली, दोन्हीकडचे वाण वेगळे होते. आणि बाळांमधील वाण त्या त्या विभागाच्या नळांमध्ये सापडला. हात तर सगळे धूतच होते, आणि धुण्याचे पाणीच दूषित होते. अशा ठिकाणी हॅन्डरबच्या बाटल्या कितीही अडकवा, नळ उघडून आतली जाळी पाहावी हे टायपिंगवाचून सुचणे कठीण.

जुना मायक्रो

पेट्रीडिश यांच्या म्हणण्याला माझी एक आठवण जोडतो. आमच्या महाविद्यालयात (नाव राहू द्या) एकदा सर्जरीच्या वॉर्डात जखमांमधून हिरवा पू आणि तो ओळखीचा गोडसर वास येऊ लागला. स्यूडोमोनासच. आठ जखमांमधील जंतूंचे पायोसिन टायपिंग (जंतू सोडतात त्या मारक द्रव्यांवरून प्रकार ओळखणे) केले, त्यांतील सहा एका प्रकारचे निघाले. सगळे शल्यविशारदांच्या हातांकडे पाहू लागले. वॉर्डाच्या जुन्या सिस्टरांनी मात्र ड्रेसिंगची वही काढली. सहाही रुग्णांचे ड्रेसिंग एकाच ट्रॉलीवरून, सकाळच्या पाळीत झाले होते. उरलेल्या दोघांचे दुसऱ्या खोलीत. ट्रॉलीवर जंतुनाशकाच्या द्रावणाची बाटली होती, तिला खरे बूच होते, आणि ती संपत आली की तिच्यातच नवे द्रावण ओतत. बुचामुळे द्रावणाचा जोर मरतो हे छापील ज्ञान आम्हा सर्वांना होते. बुचाखालच्या बुळबुळीत थरातून तोच जंतू वाढला, तोच प्रकार.

टायपिंगने आठातले सहा निवडून दिले. ट्रॉली मात्र वहीने दाखवली. म्हणून ताई, आधी चार बाळांचा तक्ता मांडा: कोणत्या तारखेला कोणती पेटी, कोणती पाळी, कोणाला सेंट्रल लाइन, कोणाला बाहेरून काढलेले दूध. तो तक्ता हाती नसेल तर जेलमधल्या शिडीचे करायचे काय?

रातपाळी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, त्याबद्दल क्षमस्व. पेट्रीडिश यांचा पहिला प्रश्न वाचल्यावर मी दुसऱ्याच सकाळी प्रयोगशाळेत गेले. पहिल्या आणि तिसऱ्या बाळाच्या प्लेट टाकून दिल्या होत्या. दुसऱ्याचा आणि चौथ्याचा आयसोलेट तंत्रज्ञ दादांनी स्वतःच्या सवयीने स्टॅबमध्ये, म्हणजे अगारच्या छोट्या बाटलीत, टोचून कपाटात ठेवला होता; कोणी सांगितले नव्हते. ते दोन, आणि बाळांच्या भांड्यांच्या सिंकच्या निचऱ्यातून वाढलेला एक, असे तीन नमुने एका वैद्यकीय महाविद्यालयात पाठवले.

दुसरे बाळ बाहेरून आलेले होते, चौथे आमच्याकडेच जन्मलेले. दोघांच्या शिड्यांत सातपेक्षा कितीतरी जास्त पट्ट्यांचा फरक आहे, म्हणजे वाण वेगळे. पीसीआरमध्ये एनडीएम मात्र दोघांत आहे. सिंकमधला जंतू चौथ्या बाळाच्या जंतूशी दोन पट्टे सोडून जुळतो. बैठकीत मी हे वाचून दाखवले. 'एकच साथ' म्हणणारे आणि 'ज्याचे त्याने आणले' म्हणणारे, दोघेही काही वेळ गप्प बसले, आणि मग दोघांनीही 'मी तेच म्हणत होतो' असे सांगितले.

जुना मायक्रो

सिंकचा स्वॅब चौथे बाळ आजारी पडण्याच्या आधी घेतला की नंतर?

रातपाळी

नंतर, सर. पाच दिवसांनी. आणि त्याच सिंकमध्ये बाळांचे उरलेले दूध व स्पंजिंगचे पाणी ओतले जाते.

जुना मायक्रो

मग सिंकने बाळाला दिला की बाळाने सिंकला, हे आता कोणतेही जेल सांगू शकणार नाही.

हिशेबनीस

सिंकमध्ये दूध ओतणे बंद करायला मात्र कोणत्याही जेलची वाट पाहावी लागत नाही.

रातपाळी

ते त्याच दिवशी बंद केले. सिंकही पेटीपासून दूर हलवायला मंजुरी मिळाली आहे. पहिल्या आणि तिसऱ्या बाळाचे आता कधीच कळणार नाही, याची मात्र रुखरुख आहे. यापुढे एनआयसीयूच्या ब्लड कल्चरमधील प्रत्येक जंतू सहा महिने ठेवायचा, असे लेखी ठरवून घेतले आहे. आमच्याकडे उणे ऐंशीचा फ्रीझर नाही, त्यामुळे स्टॅबच ठेवणार. दादांची तक्रार अशी की दोन-तीन महिन्यांत बाटलीतले अगार सुकून कडेने सुटते. त्याला काय करावे?

पेट्रीडिश

झाकण घट्ट लावून बाटलीचे तोंड वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून काढा आणि बाटल्या अंधाऱ्या कपाटात ठेवा. क्लेबसिएला चिवट आहे, तो सहा महिने सहज काढतो. एका जंतूच्या दोन बाटल्या करा. आणि नाव, तारीख, पेटीचा क्रमांक चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहा. बाटली स्पिरिटने पुसली की पेनाची शाई जाते, आणि मग जंतू जिवंत असूनही तो कोणत्या बाळाचा हे सांगता येत नाही.